मधला चेंडू

“आधी ‘माझा’ म्हणून ओरडायचं, मग हात लावायचा,” स्तोइमेन सरांनी पुन्हा एकदा सांगितलं आणि चेंडू जाळीवरून बरोबर दोघांच्या मधोमध टाकला. इस्क्राने वेस्कोकडे पाहिलं, वेस्कोने इस्क्राकडे. चेंडू मध्येच पडला आणि घरंगळत जाऊन गळक्या छपराखाली ठेवलेल्या बादलीवर थडकला.

“तुझा होता ना, ठोंब्या!”

“मग तू का नाही ओरडलीस? तोंडात अक्रोड धरलायस?”

“भांडायचं तर ओरडून भांडा,” सर म्हणाले. “निदान हिचा आवाज तरी कळेल मला.”

बाकीची मुलं एकेक करून आईबापांबरोबर परदेशी गेली होती. पण व्हॉलीबॉलच्या छोट्यांच्या गटात दोघांचाही संघ चालतो, आणि रविवारी शहरात सामने होते. दोघांचे लाल शर्ट सरांनी स्वतः धुऊन, इस्त्री करून आणले होते.

पुढचा चेंडूही मधोमध आला. “माझा!” वेस्को ओरडला. गुडघे वाकवून, मनगटं जोडून त्याने तो असा अलगद वर उचलला की इस्क्राला फक्त पलीकडे ढकलायचा राहिला. तिने ढकलला. सरांना दोन्ही हात वर करावेसे वाटले, पण त्यांनी फक्त मान हलवली.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. वेस्कोचे वडील दारात येऊन उभे राहिले.

“सर, निघतोय आम्ही. स्पेनहून फोन आला. टोमॅटोच्या शेडमध्ये मला आणि वेस्कोच्या आईला, दोघांनाही काम आहे, पण लगेच या म्हणतात.”

“रविवारपर्यंत तरी...”

“रविवारी आमच्या जागी दुसरं कोणी उभं असेल, सर.”

वेस्को लाल शर्ट काढू लागला.

“राहू दे अंगात,” सर म्हणाले.

मग त्यांनी बादली उचलली आणि छपराचं साठलेलं सगळं पाणी दारापुढच्या पायरीवर ओतलं. “निघणाऱ्याच्या वाटेवर पाणी ओतायचं असतं. घरी आजी असती तर तिने ओतलं असतं. जा बाळा, सगळं या पाण्यासारखं सरळ जाऊ दे.”

वेस्को त्या पाण्यातून चालत गेला. गाडी निघाली.

सरांनी बादली पुन्हा जागेवर ठेवली. रिकाम्या बादलीत थेंब मोठ्याने वाजू लागला. इस्क्रा अजून तिच्याच बाजूला, गुडघे वाकवून उभी होती.

“खेळायचं ना, सर?”

“खेळायचं तर.”

सवयीने सरांच्या हातून चेंडू मधोमध गेला. इस्क्रा जागची हलली नाही. चेंडू पडला.

“सर, तो वेस्कोचा होता.”

“हो,” सर म्हणाले. “त्याचाच होता.”

त्यांनी चेंडू उचलून आणला. पुढचा टाकला तो ओरडावंच लागू नये असा, अगदी तिच्या हातात.