दुसरी घंटा

माणसाने मनावर घेतलं की त्याला काहीच अशक्य नाही, असं भूपेशचं ठाम मत होतं. अपवाद फक्त घंटेचा. उमरेडच्या वसतिगृहात पहिल्या घंटेला पंगत बसायची आणि दुसरीला भरल्या ताटावरून उठायची. आता बेसा वस्तीत स्वतःचा फ्लॅट झाला, तरी दारावरची बेल वाजली की तो अर्धी भाकरी टाकून हात धुवायचा. लग्नाच्या वाढदिवशी हर्षाने संपत आलेल्या गॅसवर पाटवडीचा रस्सा रांधला. “आज माह्याआधी उठले, तर उद्यापासून एकटेच जेवजा,” तिने बजावलं. पहिलाच घास घेतला आणि बेल वाजली. भूपेश आपोआप अर्धा उठला. त्याने खुर्ची घट्ट धरली. बेल पुन्हा वाजली. “काहून जी, उठून नाही राहिले?” “नाही वं. रस्सा वाढ.” शेवटची वडी संपल्यावर दोघं उठले. तोवर गॅसवाला भरलेलं सिलिंडर घेऊन परत गेला होता.