अबोली साडीचं गिऱ्हाईक

लासुर्ण्याच्या विजयमालानं आपल्या जुन्या नऊ साड्यांचे फोटो विक्रीसाठी मोबाईलवर टाकले, आणि नऊच्या नऊ एकाच बाईनं घेतल्या. नाव रोहिणी, गाव बारामती.

"ब्लाऊज माझ्या मापाचे आहेत, उसवून घ्यावे लागतील," विजयमालानं कळवलं.

"नको. मला बसतात," उत्तर आलं. पार्सल तर अजून घरातच होतं.

आठवड्यानं रोहिणीनं अबोली साडीतला फोटो पाठवला. फोटोत चेहरा नव्हता. पण साडी अंगावर अशी चापूनचोपून बसली होती, की विजयमालाचा जळफळाट झाला. तिला स्वतःला ती कधीच एवढी खुलली नव्हती.

त्याच दुपारी तिचा नवरा सर्जेराव इंदापूरच्या बाजारातून आला, तो हसतच.

"अबोली साडीत लई झ्याक दिसत हुतीस गं आज बाजारात!"

"अवो, मी सकाळधरनं घरातनं हालले बी न्हाय."

"व्हय व्हय, कर चेष्टा," म्हणत तो पाय धुवायला गेला.

इतक्या कौतुकानं तो कित्येक वर्षांत बोलला नव्हता. विजयमालानं रोहिणीला लिहिलं, 'माझी साडी परत पाठवा.'

लगेच उत्तर आलं. 'आता कशी देऊ? त्यांना आवडली.'

सर्जेराव आत आला. उंबऱ्यातच थांबून, विजयमालाच्या खांद्यावरून मागं स्वयंपाकघराकडं बघत तो नव्या नवरदेवासारखा लाजला.

"बस की जरा," तो म्हणाला. "किती येळ उभी ऱ्हाशील तितं?"