सुरू न होणारे नाना

शर्वरी टिकेकरनं नानांच्या कानामागच्या खाचेत वायर खोचली आणि पडद्यावरच्या ओळी वाचता वाचता तिचं तोंड कडू झालं. पक्षाघाताच्या झटक्यानंतर नानांचा मेंदू लिनक्स या संगणकप्रणालीवर चालत होता, पण आज सकाळपासून ते सुरूच होत नव्हते. 'सुधा' नावाचा आठवणींचा कप्पा शोधायचा, नव्वद सेकंद वाट पाहायची आणि हात टेकायचे, एवढंच चाललं होतं.

"सुधा कोण?"

"आई. मागच्या वर्षी गेली," नानांचा मुलगा निरंजन म्हणाला. "नाना रोज उठल्या उठल्या रडायचे. काल मीच व्हिडिओ बघून तो कप्पा पुसून टाकला."

व्हिडिओ बघून! असल्या दीडशहाण्यांवरच तिचं दुकान चालत होतं.

"कॉपी ठेवलीत?"

"कशाला? तुम्ही ती शोधायची ओळच काढून टाका ना."

शर्वरीनं ओळ काढली. नानांनी डोळे उघडले, खोली न्याहाळली आणि निरंजनला अदबीनं विचारलं, "आपण कोण?"

"अहो, यांना काय झालं?" निरंजन किंचाळला.

"काही नाही," शर्वरी वायर गुंडाळत म्हणाली. "यांचं लग्नच झालेलं नाही, तर मुलगा कुठून येणार?"