फोर-द-फ्रान्समधली स्वस्त सहल

"तू पुढे हो," एव्हरिस्त म्हणाला, आणि थेक्ला पुन्हा पुढे झाली. बोटीतून उतरल्यापासून हे असंच चाललं होतं. ती पुढे आणि तो तिच्या पाठीशी, अगदी टाचेला टाच लावून.

सेंट लुशियाहून शेजारच्या बेटावरचं फोर-द-फ्रान्स काही लांब नाही. पण लग्नाला एवढी वर्षं झाली तरी त्याने तिला कधी आणलं नव्हतं. एव्हरिस्तचा चिकटपणा देनरी गावात प्रसिद्ध होता. माशाचं डोकंही तो मांजराला मिळू देत नसे. आणि मागच्या महिन्यात या माणसाने बायकोला न विचारता होडी विकली. म्हणाला, "समुद्राचा कंटाळा आला. चल, तुला फ्रेंचांचं शहर दाखवतो."

थेक्लाच्या बहिणीला, कोलेतला ते पटलं नव्हतं. "चिकट माणसाचा हात सैल सुटला ना, की आपण आपला गळा सांभाळावा," ती म्हणाली होती. थेक्ला तेव्हा हसली होती.

सकाळी बोटीवर गावच्या मास्तरांनी लांबून हात हलवला. एव्हरिस्त त्यांच्याकडे तोंड करूनच उभा होता, पण त्याने ओळख दाखवली नाही. तेव्हापासून थेक्लाचं हसू जरा आटलं होतं.

तसा दिवस मजेत गेला. तरुणपणी गवंड्यांच्या हाताखाली तो या शहरात राबला होता. कमी पैशांत इथं कसं राहायचं, ते त्याला पाठ होतं. हॉटेलात शिरायचं नाही. पाव भट्टीवरून घ्यायचा, फळं बाजार उठताना घ्यायची आणि सावान मैदानात चिंचेखाली बसून खायचं. खाऱ्या माशाची गरम भजी तेवढी त्याने मागवली. भजीवालीने पुडा त्याच्यापुढे धरला. त्याने हात उचलला नाही.

"तिच्याकडे द्या," तो म्हणाला.

"नवरा भारी गंभीर आहे गं तुझा," भजीवाली थेक्लाला म्हणाली. "बायकोला फिरवायला आणलंय की पोचवायला?"

थेक्ला हसली. तो हसला नाही.

रस्ता ओलांडताना तो तिचा दंड इतका घट्ट धरायचा की वळ उठायचे. बसची पाटी तिनेच वाचायची, तिकीट तिनेच मागायचं. "शिकून घे," तो म्हणायचा. "उद्या एकटीवर वेळ आली तर?"

"कशाला येईल एकटीवर?"

त्यावर तो तिचा दंड आणखी घट्ट धरायचा.

ऊन कलायच्या आत ते शेवटच्या थांब्यावर उतरले. दीपगृहामागून पायवाट कड्यावर जात होती. "इथून शहर दिसतं, खाडी दिसते. फुकटात," एव्हरिस्त म्हणाला. "गवंडीकाम सुटलं की मी रोज इथं यायचो. तू पुढे हो."

वाट अरुंद होती. खाली लाटा खडकांवर आपटत होत्या.

"होडीचं कोलेतला बोलली नाहीस ना?" त्याने मागून विचारलं.

"नाही," ती खोटं बोलली.

"बरं केलंस. गावात कळायला नको." जरा वेळाने तो म्हणाला, "इथं कुणी आहे का?"

"कुणी नाही."

"नक्की?"

"तूच बघ की."

त्याने मान वळवून पाहिलं नाही.

वाट एका सपाट दगडावर संपली. पुढे नुसती पोकळी. थेक्ला थांबली.

"आता माझ्याकडे वळू नकोस," तो म्हणाला. "समोर बघ आणि काय काय दिसतंय ते मला सांग. मग मला तुला एक सांगायचंय. तोंडावर सांगायला धीर होत नाही."

"खाडी दिसते," ती कशीबशी म्हणाली. "होड्या आहेत. पांढरी घरं."

"आणखी सांग." त्याचा आवाज जवळ आला होता. चपला दगडावर घासत होत्या.

तिने डोळ्याच्या कोपऱ्यातून मागे पाहिलं. त्याचे दोन्ही हात लांबवलेले होते, तिच्या पाठीच्या दिशेने.

थेक्ला झटकन बाजूला झाली.

ती जिथं उभी होती तिथं त्याचे हात हवेतच चाचपडत राहिले. मग त्याने मान वळवली.

"थेक्ला? कुठं गेलीस गं?" त्या लख्ख उजेडात, थेट तिच्या तोंडाकडे बघत त्याने विचारलं, आणि तिला शोधायला पोकळीच्या दिशेने आणखी एक पाऊल पुढे टाकलं.