मामा गेले!

पनवेलला केबल आली आणि आमच्या गल्लीतली व्हिडिओ लायब्ररी बंद पडली. बाबांनी तिथली एक जुनी कॅसेट घरी आणली. तेवढी एकच असल्यामुळे त्या विनोदी सिनेमाचा शब्दन् शब्द आम्हाला पाठ झाला. दूधवाल्याशीसुद्धा आम्ही त्यातलंच बोलायचो.

एके ठिकाणी फीत तुटली होती. बाबांनी ती चिकटपट्टीने जोडली, पण मधला तुकडा वाया गेला. त्यामुळे सिनेमातले मामा झोपाळ्यावर बसून म्हणायचे, "चहात साखर कमी आहे, ताई!" आणि पुढच्याच क्षणी रिकामा झोपाळा हलताना दिसायचा.

आम्ही ओरडायचो, "मामा गेले!"

आई रागवायची. "गेले काय? 'येतो' म्हणाले, असं म्हणावं."

एका रविवारी दुपारी आमचे कमलाकरमामा चिरनेरहून पेरू घेऊन आले. वीज गेलेली, टीव्ही बंद. तरी आमचा सिनेमा तोंडी चालूच होता. मामा झोपाळ्यावर बसले. चहाचा घोट घेऊन त्यांनी माझ्याकडे बघून डोळा मारला. "चहात साखर कमी आहे, ताई!"

"मामा गेले!" आम्ही एका सुरात ओरडलो आणि पोट धरून हसलो.

डोळे पुसून पाहिलं, तर झोपाळा हलत होता. खाली मामांच्या चपला होत्या, फळीवर कपातून वाफ येत होती. दाराला आतून कडी होती.

बाबा अजून हसतच होते. आई बंद टीव्हीकडे बघत मला हळूच म्हणाली, "आभा, कॅसेट जरा मागे घे गं."