राजनंदिनीची वर्तणूक

हवालदारांनी मोटरसायकल अंगणात लावली आणि पासपोर्टचे कागद बाजेवर पसरले. "पोलीस पाटलांची सही झाली. आता साक्षीला एक शेजारी बोलवा."

राजनंदिनीने आईकडे, रत्नाकडे बघितलं. हिर्डोशीची ही सगळी वाडी सकाळीच टेम्पोत बसून भोरला लग्नाला गेली होती. शेळी व्यायली म्हणून एकट्या साळूबाई मागं राहिल्या होत्या. आणि त्यांच्या शेळ्यांनी दिवाळीआधी यांची नाचणी फस्त केली, तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं बंद होतं.

"उद्या आला तर न्हाई का चालणार?" रत्नाने हवालदारांना विचारलं.

"उद्यापासून मी बंदोबस्ताला. मग पंधरा दिवसांनीच."

पंधरा दिवस कुठले? विद्यापीठाने युरोपातल्या एका अजस्र यंत्रावर प्रयोग करायला राजनंदिनीला दोन महिन्यांसाठी निवडलं होतं, आणि व्हिसाची तारीख आठ दिवसांवर आली होती. ती उठली आणि कुंपण ओलांडून साळूबाईंकडे गेली.

साळूबाई करडू काखेत घेऊनच आल्या. रत्नाकडे न बघता पायरीवर टेकल्या.

"आजी, ही मुलगी ओळखीची आहे?"

"जल्मापास्नं."

"वर्तणूक कशी आहे?"

साळूबाईंनी राजनंदिनीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आट वर्सांची आसंल. माज्या शेळीच्या गळ्यातलं घुंगरू दगडानं ठेचलं हिनं. आत काय वाजतंय बघाया."

हवालदारांचं पेन थांबलं.

"मग? काय निघालं?" हवालदारांना राहवेना.

"खडा."

हसू दाबत ते राजनंदिनीकडे वळले. "आणि तिकडं परदेशात काय करणार?"

थाप मारावी तर समोर साळूबाई. "तेच," ती हळूच म्हणाली. "प्रोटॉन म्हणून लई बारीक कण असतात. ते जोरात एकमेकांवर आदळून फोडायचे, आणि आतून काय निघतं ते बघायचं."

साळूबाईंचे डोळे विस्फारले. "आन त्या मशीनवाल्यांस्नी ठावं हाय का, ही फोडतीया ते?"

"फोडायलाच बोलावलंय, आजी!"

साळूबाई अशा खदखदून हसल्या की करडू दचकून उडी मारून पळालं. "मंग लिवा सायेब, पोरगी चांगली हाय. घुंगरू फोडलं, पन खडा परत आनून दिला व्हता. कुटं करू अंगठा?"

हवालदारांनी 'वर्तणूक चांगली' असं ठसठशीत लिहिलं आणि शाईचा पॅड पुढे केला.

तेवढ्यात रत्ना चहा घेऊन बाहेर आली. पहिला कप तिने साळूबाईंपुढे ठेवला.

साळूबाईंनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला, आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा तिच्याकडे बघून म्हणाल्या, "साकर कमी हाय गं."

रत्ना आत गेली आणि साखरेचा अख्खा डबाच घेऊन आली.