दुसरा नमुना

दुकानात गर्दी होईपर्यंत ती समोरच्या फुटपाथवर थांबली. रिपोर्टचं पाकीट पर्समध्ये होतं. दुकानदाराची एकट्यात नाचक्की करण्यात काय मजा? बघायला चार लोक हवेत. कॉलेज सुटलं, पाच-सहा पोरं आत शिरली, तशी ती रस्ता ओलांडून गेली.

ती प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती. सिगारेट किंवा द्रवाची वाफ करणारं व्हेप ओढणाऱ्या आणि न ओढणाऱ्या मुलांच्या लघवीत किती निकोटिन आणि कुठकुठली विषं सापडतात, हे तपासायचं तिचं काम. आणि तिचा स्वतःचा सोळा वर्षांचा मुलगा जिना चढताना दर चौथ्या पायरीवर कठडा धरून उभा राहत होता. चौदाव्या वर्षी त्याला व्हेप मिळालं ते याच दुकानातून. कलिंगडाच्या वासाचं.

तेव्हा ती जाब विचारायला आली होती. दुकानदार खुर्चीवरून उठलाही नाही. "बाई, माझी मुलगी रोज संध्याकाळी इथेच असते. तिनं आजवर एक झुरका घेतला नाही. घरचं वळण लागतं त्याला." गिऱ्हाइकं फिदीफिदी हसली. ते हसू दोन वर्षं तिच्या कानातून गेलं नव्हतं.

मग आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, तसं झालं. दुकानदाराची मुलगी आपल्या वर्गाबरोबर तपासणीला आली. 'कधी ओढली आहे का?' या प्रश्नापुढे तिने ठळक अक्षरांत लिहिलं, 'कधीच नाही'. यंत्राने दाखवलेला निकोटिनचा आकडा मात्र सराईत ओढणाऱ्याचा होता.

नियम साधा होता. असा आकडा आला की त्याच दिवशी मुलीला फोन करायचा आणि डॉक्टरांकडे पाठवायचं. तिने फोन केला नाही. एकच आकडा दाखवला तर तो माणूस यंत्राची चूक म्हणून उडवून लावेल. 'पुन्हा तपासावा' असा शेरा मारून तिने कागद खाली सरकवला. दुसरा नमुना सहा आठवड्यांनी द्यायचा होता. वाढू दे, चांगला वाढू दे, असं ती मनात म्हणाली आणि त्या रात्री तिला कितीतरी दिवसांनी शांत झोप लागली.

दुसऱ्या खेपेला मुलगी पांढरीफटक दिसत होती. "डोकं गरगरतं हो मॅडम. परवा वर्गातच उलटी झाली. काही असेल का?"

"रिपोर्ट येऊ दे, मग बघू," तिने गोड आवाजात सांगितलं.

आकडा दुप्पट आला. धुरातल्या-वाफेतल्या बाकीच्या विषांचे रकाने जवळजवळ कोरे होते, पण ते तिने पाहून न पाहिल्यासारखं केलं. रागाला एक रकाना पुरतो.

आता तिने तो कागद काउंटरवर आपटला. "ओळखलंत? तुमच्या घरचं वळण आणलंय. वाचा मोठ्यानं."

दुकानदाराने वाचलं. त्याचा चेहरा उतरला. पोरं माना वळवून कागदाकडे बघू लागली. त्याने मागच्या पडद्याकडे बघून हाक मारली, आणि मुलगी फडक्याला हात पुसत बाहेर आली.

"कधीपासून ओढतेस?" त्याने हात उगारला.

"मी? शपथ बाबा, कधीच नाही."

"मग हे अंगात आलं कुठून?"

मुलीने कागद पाहिला. मग स्वतःचे हात पाहिले. मनगटापर्यंत ओले, बोटांची सालपटं निघालेली. "व्हेपमधल्या निकोटिनच्या बाटल्या मीच भरते ना," ती हळूच म्हणाली. "मोठ्या कॅनमधून. रोज हातावर सांडतं, मुरतं. हातमोजे घातले की बारीक बुचं लागत नाहीत, म्हणून बाबा, तुम्हीच काढायला सांगितलंत."

दुकानदार मटकन खाली बसला. तो रडायला लागला, सगळ्यांदेखत, तोंड वेडंवाकडं करून. दोन वर्षं तिला हेच बघायचं होतं. तिच्या काळजाला थंडावा मिळाला. तिला आनंद झाला, खरंच झाला, आणि तो तिने लपवलाही नाही.

मुलगी मात्र कागद वरपासून वाचत होती. दोन नमुन्यांच्या दोन तारखांवर तिचं ओलं बोट थांबलं.

"सहा आठवडे, मॅडम?" ती म्हणाली. "बाबांना तर ठाऊक नव्हतं. तुम्हाला ठाऊक होतं."